पोहे तेच, चव निराळी

नवे शहर, नवे घर, नवी माणसे. अशा वेळी पती-पत्नींची खरी ओळख कुठे होते? इंदूरच्या खाऊगल्ल्यांत हिंडता हिंडता एकमेकांना ओळखू लागलेल्या एका जोडप्याची ही कहाणी.

लग्न ठरले ते पोह्यांच्या बशीवरच. कोल्हापूरला मुलीच्या घरी रीतसर दाखवण्याचा कार्यक्रम झाला. खमंग परतलेला कांदा, वर ओले खोबरे, कोथिंबीर आणि कडेला लिंबाची फोड. मुलाने बशी रिकामी केली आणि आग्रह होताच दुसऱ्यांदाही घेतली. तेवढ्यावरून मुलीच्या आईने निम्मा होकार गृहीत धरला. यथावकाश लग्न झाले आणि मुलगी आठशे किलोमीटरचा प्रवास करून इंदूरला सासरी आली.

पहिल्याच रविवारी सकाळी नवरा तिला स्कूटरवरून कोपऱ्यावरच्या पोह्यांच्या गाडीवर घेऊन गेला. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर पोह्यांची परात ठेवलेली. तेलात परतण्याऐवजी पोहे वाफेवरच फुललेले. त्यात बडीशेप आणि चांगली जाणवेल इतकी साखर. वर मूठभर शेव, कच्चा कांदा, डाळिंबाचे दाणे आणि जिरावनाची चिमूट. जिरावन म्हणजे जिरे, धणे, बडीशेप, आमचूर, काळे मीठ, हिंग यांचा माळव्यातला चटकदार मसाला. शेजारच्या कागदावर गरम जिलबी.

तिने एक घास घेतला आणि म्हणाली, ‘‘गोड आहेत.’’

‘‘जिलबीबरोबर खायचे असतात.’’

‘‘मग त्या दिवशी आमच्याकडचे दोनदा कसे घेतलेत?’’

तो क्षणभर घुटमळला. मग म्हणाला, ‘‘तुझ्या आईला वाईट वाटलं असतं. खरं सांगू? फार तिखट होते.’’

दोघेही मोकळेपणाने हसले. लग्नाला बारा दिवस झाले होते. इतक्या दिवसांत त्यांनी एकमेकांना सांगितलेली ही पहिली खरी गोष्ट होती.

माळव्यातले मराठी घर

इंदूरमध्ये मराठी माणूस परका नाही. अठराव्या शतकात मल्हारराव होळकरांच्या हाती माळव्याचा कारभार आला आणि त्यांच्यामागोमाग अनेक मराठी कुटुंबे इथे येऊन स्थिरावली. होळकरांचा राजवाडा आजही शहराच्या मध्यभागी उभा आहे. १९४८ मध्ये होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये आजचे मध्य प्रदेश राज्य झाले, पण ही घरे इथलीच झाली. पोहेसुद्धा मराठी माणसांबरोबरच माळव्यात आले असे मानले जाते. इथे आल्यावर त्यांनी शेव, बडीशेप आणि जिलबीशी नाते जोडले. माणसांचेही काहीसे तसेच झाले. इंदुरी मराठीत हिंदी शब्द सहज येऊन बसतात आणि स्वयंपाकात माळव्याची चव.

हा इतिहास वाचायला छान वाटतो. नव्या सुनेला मात्र त्याची प्रचीती ताटातूनच येते. आमटीत गूळ असतो, भाजीला तिखट बेताचेच असते. तीन खोल्यांचे घर, त्यात सासू-सासरे आणि कॉलेजला जाणारी नणंद. माणसे सगळी चांगली. कुणी टोचून बोलणारे नाही, हुंड्याचा विषय नाही. पण स्वयंपाकघर सासूबाईंचे आणि चवही त्यांचीच.

कोल्हापूरहून निघताना आईने कांदा-लसूण चटणीची बरणी बरोबर दिली होती. एकदा सुनेने ती जेवताना उघडली. सासूबाईंनी सहजच विचारले, ‘‘आमचं जेवण अळणी लागतं का गं?’’ प्रश्नात राग नव्हता, पण सून ओशाळली. बरणी कपाटात साड्यांच्या मागे गेली. दुपारी सगळे झोपले की ती पोळीला चटणी लावून एकटीच खायची. कोल्हापुरातली बँकेची नोकरी सोडून ती आली होती. नवी मिळायची होती. दिवस मोठे वाटत होते आणि भूक कमी झाली होती.

एके दिवशी रुमाल शोधताना नवऱ्याच्या हाताला ती बरणी लागली. अर्धी संपलेली. तो आईशी काही बोलला नाही आणि बायकोलाही काही विचारले नाही. शनिवारी रात्री जेवणानंतर एवढेच म्हणाला, ‘‘चल, सराफ्यात जाऊन येऊ.’’

दिवसा सोने, रात्री खाणे

राजवाड्याला लागूनच इंदूरचा सराफा बाजार आहे. दिवसभर इथे सोन्या-चांदीचे व्यवहार चालतात. रात्री आठ-नऊच्या सुमाराला पेढ्यांची दारे ओढली जातात आणि त्याच दारांपुढे शेगड्या, कढया आणि परातींची रांग लागते. मध्यरात्र उलटेपर्यंत गल्ली माणसांनी फुललेली असते. रात्रभर जाग राहिली की दुकानांची राखण आपोआप होते म्हणून सराफांनीच पूर्वी याला उत्तेजन दिले, असे जुने लोक सांगतात. आजी-आजोबांपासून कडेवरच्या मुलापर्यंत अख्खी कुटुंबे इथे येतात. नव्या सुनेला रात्री अकरा वाजता संकोच न वाटता रस्त्यावर उभे राहून खाता येईल अशा जागा आपल्याकडे फार नाहीत. ही त्यांतली एक.

त्या रात्री त्याने तिला आधी भुट्ट्याचा कीस खायला दिला. कोवळी कणसे किसून तूप, दूध आणि मिरची घालून शिजवायची, वर लिंबू, कोथिंबीर आणि खोबरे. तिला तो आवडला. थंडीचे दिवस होते, म्हणून गराडूही मिळाला. आपल्या कोनफळाच्या जातीचा हा कंद. त्याच्या फोडी तळून, वर लिंबू पिळून आणि जिरावन भुरभुरून देतात. जोशींच्या दहीवड्याचा द्रोण हवेत भिरकावून पुन्हा अलगद झेलला जातो, ते बघायला ती लहान मुलीसारखी टाचा उंचावून उभी राहिली.

शिकंजी म्हटल्यावर तिला लिंबाचे सरबत अपेक्षित होते. हाती आला तो घट्ट दुधाचा, केशर आणि सुकामेवा घातलेला पेला. ‘‘ही शिकंजी?’’ ती म्हणाली. ‘‘अरे, हे तर श्रीखंडाचं भावंड आहे!’’

घरात सगळ्यांसमोर ती त्याला ‘अहो’ म्हणत असे. सराफ्याच्या गर्दीत नकळत ‘अरे’ निघून गेले. दोघांच्याही ते लक्षात आले. कुणी दुरुस्त केले नाही.

पुढे कढईतल्या गरम दुधापाशी ती थांबली आणि गंगावेशीतल्या दूधकट्ट्याबद्दल बोलू लागली. रात्री म्हशी तिथे आणून ग्राहकासमोर धार काढून देतात, वडील तिला लहानपणी कसे घेऊन जात, पेल्यावर कसा फेस यायचा. बोलता बोलता तिचा आवाज भरून आला. त्याने विषय बदलला नाही, तो ऐकत राहिला. परततानाच्या वाटेवर तिने चटणीच्या बरणीची गोष्ट आपणहून सांगितली. ‘‘मला माहीत होतं,’’ तो म्हणाला.

एक द्रोण, दोन चमचे

मग शनिवार ठरूनच गेला. पण नव्या संसारात पैशांचाही विचार करावा लागतो. तो पिथमपूरच्या कारखान्यात नोकरीला, पगार बेताचा, त्यातून घराचा हप्ता. दोघांनी एक साधा नियम केला. एका वेळी एकच द्रोण घ्यायचा आणि दोन चमचे. ठरलेली रक्कम वेगळ्या पाकिटात, ते रिकामे झाले की घरी. एका शनिवारी त्याची निवड, दुसऱ्या शनिवारी तिची.

या नियमाचा एक फायदा त्यांनी मोजला नव्हता. एकाच द्रोणात खायचे म्हटले की दुसऱ्याचा विचार करावा लागतो. तिखट किती, गोड किती, शेवटचा घास कुणाचा. तिला कळले की तो कुठलीही गोष्ट आवडली नाही तरी ‘ठीक आहे’ म्हणतो आणि पाणी पितो. त्याला कळले की ती आवडीचा पदार्थ हळूहळू खाते आणि नावडता भराभर संपवते, म्हणजे आई-वडिलांना वाटावे की आवडला. घरच्या पंगतीत वर्षभर बसूनही हे ध्यानात आले नसते.

कधी ते पलासियातल्या छप्पन दुकानला जात. एका ओळीत छप्पन दुकाने म्हणून हे नाव. तिथे त्याने एक कबुली दिली. घरी अंडे चालत नाही, पण कॉलेजच्या दिवसांपासून जॉनी हॉट डॉगमधला अंड्याचा ‘बेंजो’ तो चोरून खात आलेला. रविवारच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर वाढलेल्या कोल्हापूरच्या मुलीला या गुपिताचे इतके हसू आले की शेजारची माणसे बघू लागली.

रविवारी दाल-बाफले. राजस्थानची बाटी नुसती भाजतात, तर माळव्यातला बाफला आधी पाण्यात उकडतात, मग भाजतात आणि शेवटी तुपात बुडवतात. दोन बाफले खाल्ल्यावर दुपारची झोप चुकत नाही, हेही तिने अनुभवाने शिकून घेतले.

आणि एका सकाळी उसळ-पोहे सापडले. तेच वाफेवरचे पोहे, पण वर झणझणीत उसळ, तिच्यावर कांदा आणि शेव. पहिल्या चमच्यालाच तिच्या कपाळावर घाम आला आणि चेहरा उजळला. ‘‘ही तर मिसळीची मावशी!’’ त्याच्या डोळ्यांत पाणी आले होते, पण त्याने पाण्याचा ग्लास बाजूला ठेवला आणि द्रोण तिच्याबरोबर संपवला. कोल्हापुरातल्या त्या दुसऱ्या बशीपेक्षा हे खाणे वेगळे होते. तेव्हा त्याने भीड म्हणून खाल्ले होते, आता तिला काय आवडते ते जाणून घ्यायचे होते.

घरात वाट बघणारी माणसे

इथवर सारे गोड वाटते. पण बाहेर खाण्याला घरातली एक बाजू असते आणि तरुण जोडपी ती हमखास विसरतात.

त्या रविवारी दोघे भरल्या पोटी परतले तेव्हा ओट्यावर झाकलेले ताट होते. सासूबाईंनी सकाळी लवकर उठून साबुदाण्याची खिचडी केली होती. त्या काही बोलल्या नाहीत. ताट उचलून फ्रिजमध्ये ठेवले, एवढेच. दुपारी मात्र नणंदेजवळ म्हणाल्या, ‘‘आता माझ्या हातचं कुणाला गोड लागत नाही.’’ ते सुनेच्या कानावर पडले.

आपल्या घरांत जेवण म्हणजे केवळ पोटाची सोय नसते. जिने तीस-पस्तीस वर्षे चूल सांभाळली, तिचे घरातले स्थान त्या ताटावर ठरलेले असते. मुलगा आणि सून वरचेवर बाहेर खाऊन येऊ लागली की तिला वाटते, आपली गरज संपली. नवऱ्याने अशा वेळी ‘आईचं काय, ती बोलतच असते’ म्हणून उडवून लावले तर दोन बायकांमध्ये भिंत उभी राहते. बायकोने ‘मला नाही जायचं आता’ म्हणून मन मारले तर तीच भिंत नवरा-बायकोंमध्ये येते.

सुनेने दोन्ही टाळले. संध्याकाळी ती सासूबाईंजवळ भाजी निवडायला बसली आणि सरळ म्हणाली, ‘‘आई, चूक झाली. सकाळी सांगून जायला हवं होतं. तिथे उसळ-पोहे खाल्ले. तिखट होते, मला घरची आठवण आली.’’

सासूबाईंचा हात थांबला. ‘‘अजून मिळतात तसे?’’ त्यांनी विचारले.

मग जी गोष्ट बाहेर आली ती त्यांच्या मुलालाही ठाऊक नव्हती. सासूबाई मूळच्या नागपूरच्या. तिथे पोह्यांवर चण्याची लालभडक तर्री ओततात. पस्तीस वर्षांपूर्वी लग्न होऊन त्या इंदूरला आल्या, तेव्हा त्यांनाही हे पोहे गोड लागले होते. एकदा सासरे त्यांना सिनेमाला म्हणून घेऊन गेले आणि परतताना उसळ-पोहे खायला घातले. घरी कळले तेव्हा बोलणी खावी लागली. पुन्हा जाणे झाले नाही. सासूबाईंच्या सासूला तिखट चालत नसे. ‘‘त्यांच्यासाठी हात वळला तो वळलाच,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आता मला आमटीत गूळ घातल्याशिवाय आमटी केल्यासारखं वाटत नाही. माझ्या आईची तर्री कशी लागायची, ते नीट आठवतसुद्धा नाही.’’

सून काहीच बोलली नाही. उठून आत गेली आणि साड्यांमागची बरणी घेऊन आली.

चार गोष्टी ध्यानात ठेवाव्या

नव्या जोडप्यांनी जरूर बाहेर पडावे. महागड्या हॉटेलाची गरज नाही. प्रत्येक गावात, प्रत्येक वस्तीत आपापले खाणे असते. एखादी पोह्यांची गाडी, एखादी खाणावळ, एखादे जुने दुधाचे दुकान. परगावाहून आलेल्या मुलीला शहराची ओळख नकाशापेक्षा अशा ठिकाणी लवकर होते. चौथ्या खेपेला गाडीवाला ‘भिया, आज शेव ज्यादा?’ म्हणून विचारतो, तेव्हा या गावात आपल्यालाही कुणी ओळखते, हा दिलासा केवढा असतो!

बाहेर जाताना घरी आधी सांगावे. आपल्यासाठी स्वयंपाक करू नका, हा निरोप वेळेवर दिला तर पुष्कळ कटुता टळते. येताना घरच्यांसाठी पुडी आणावी. महिन्यातून एकदा सगळ्यांना घेऊन जावे. पण अधूनमधून दोघांनीच जाण्याचा हक्कही सोडू नये आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्याला नावे ठेवू नयेत. तीन खोल्यांच्या घरात दोघांना मनातले बोलायला जागा कुठे असते?

तब्येतीचेही भान हवे. इंदूरने केंद्राच्या स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून २०२३ पर्यंत सलग सात वर्षे पहिला क्रमांक मिळवला, शेवटच्या वर्षी सुरतेच्या बरोबरीने. छप्पन दुकानला अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडून स्वच्छ खाद्यकेंद्राचा मानही मिळाला आहे. तरी कुठल्याही गावात आपले डोळे उघडे ठेवावेत. समोर गरम करून देतात तेच खावे, पावसाळ्यात चिरून ठेवलेली फळे आणि उघड्यावरच्या चटण्या टाळाव्यात, पाणी घरचे न्यावे. जिथे गर्दी असते तिथे माल शिळा राहत नाही, हा जुना अनुभव. आणि शनिवारी तळण झाले असेल तर रविवारी घरी मुगाची खिचडी बरी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आवडले नाही तर ते गोडीत सांगावे. भिडेपोटी खाल्लेल्या घासाने त्या दिवशी समोरच्याला बरे वाटते, पण पुढे आयुष्यभर तोच पदार्थ वाढला जातो.

पुन्हा पोहे

त्यानंतरच्या शनिवारी सराफ्यात पाच जण गेले. सासऱ्यांनी सर्वांना खोपरा पॅटिस दिले. बटाट्याच्या पारीत ओल्या खोबऱ्याचे सारण असते, ते त्यांच्या खास आवडीचे. साबुदाण्याच्या खिचडीपाशी मात्र वाद रंगला. इथे ती भिजवून वाफवतात आणि वर फराळी चिवडा, मिरची नि जिरावन घालून कालवून देतात. दाण्याचे कूट घालून परतलेलीच खरी, यावर सासू आणि सून यांचे पहिल्यांदाच एकमत झाले.

‘‘छप्पन दुकानला पण जाऊ या एकदा,’’ सासूबाई मुलाकडे न बघता म्हणाल्या. ‘‘तो तुझा बेंजो काय असतो, तो बघू तरी. खाणार नाही मी. पंधरा वर्षं वास येतोय तुझ्या शर्टाला.’’

आता त्या घरात रविवारी सकाळी गॅसच्या दोन्ही शेगड्या पेटतात. एकीवर वाफेचे पोहे, दुसरीवर कांदा परतलेले. गेल्या महिन्यात तिसरे पातेलेही चढले. सासूबाईंनी तर्री करून बघितली. चण्यांत त्यांनी सुनेची कांदा-लसूण चटणी दोन चमचे घातली. सून म्हणाली, झकास झाली. सासूबाईंनी पुन्हा चाखली आणि मान हलवली.

‘‘नाही गं. नागपूरची अशी नव्हती. पण जवळपास आलीय.’’

बरणी आता ओट्यावर मिठाच्या शेजारी असते. ती संपत आली आहे, आणि कोल्हापूरला फोन करून या वेळी मोठी पाठवा म्हणून सासूबाईंनीच सांगितले आहे. बदल्यात इथून जिरावनाची दोन पाकिटे गेली आहेत.